डिकेम्बे मुतोम्बो : किन्शासाला रुग्णालय देणारा बास्केटबॉलपटू

बास्केटबॉल हा गुण मिळविण्याचा खेळ. कोणी किती वेळा चेंडू जाळीत टाकला, यावरच खेळाडूची कीर्ती सहसा ठरते. मात्र आफ्रिकेतील काँगो देशाचे डिकेम्बे मुतोम्बो यांनी प्रतिस्पर्ध्याला गुण मिळू न देण्याच्या कौशल्यावर नाव कमावले. खेळातून मिळालेल्या धनातून त्यांनी आपल्या जन्मगावी जे उभे केले, ते त्यांच्या विक्रमांहून अधिक टिकणारे आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनाचा हा परिचय.

मुतोम्बो यांचा जन्म २५ जून १९६६ रोजी काँगोची राजधानी किन्शासा येथे झाला. वडील सॅम्युएल हे शिक्षण क्षेत्रात होते, तर आई बिआम्बा मारी मोठ्या कुटुंबाचा संसार सांभाळीत असे. किन्शासातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या बोबोतो महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. लहानपणी त्यांचा ओढा फुटबॉलकडे होता. बास्केटबॉलकडे ते उशिरा, घरच्यांच्या आग्रहामुळे वळले. त्यांची उंची पुढे सात फूट दोन इंच भरली!

डॉक्टर होऊन मायदेशी परतायचे, हे त्यांचे स्वप्न होते. त्यासाठी शिष्यवृत्ती मिळवून १९८७ साली ते अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठही येशूसंघीयांचेच. तेथील विख्यात प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन यांनी या उंच विद्यार्थ्याला संघात घेतले आणि वैद्यकीय शिक्षणाचा बेत मागे पडला. तथापि अभ्यास सुटला नाही. १९९१ साली भाषाशास्त्र आणि राजनय या विषयांत पदवी संपादन करूनच ते विद्यापीठाबाहेर पडले. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि मध्य आफ्रिकेतील अनेक भाषा त्यांना अवगत होत्या.

त्याच वर्षी एन.बी.ए. या अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेच्या निवडप्रक्रियेत डेन्व्हर नगेट्स संघाने त्यांना चौथ्या क्रमांकावर निवडले. त्यांचे कौशल्य काय होते, हे जाणण्यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा लागेल. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू वर चढत असतानाच बचावपटूला तो अडविता येतो. एकदा तो जाळीच्या दिशेने खाली येऊ लागला की त्याला स्पर्श करणे नियमबाह्य ठरते आणि गुण विरुद्ध संघाला मिळतात. म्हणजे निर्णयासाठी क्षणार्धच हाती असतो. केवळ उंचीने हे साधत नाही. त्यासाठी नजर, संयम आणि अचूक वेळ साधावी लागते. १८ हंगामांत मुतोम्बो यांनी असे ३,२८९ फटके अडविले. या यादीत त्यांच्या पुढे केवळ नायजेरियात जन्मलेले हकीम ओलाजुवॉन आहेत. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा सन्मान त्यांना चार वेळा लाभला. चेंडू अडविल्यावर तर्जनी हलवून 'येथे नाही' असे खुणावण्याची त्यांची लकब जगभर ओळखीची झाली.

१९९४ सालच्या बाद फेरीत आठव्या मानांकनाच्या डेन्व्हरने अग्रमानांकित सिएटलला पाच सामन्यांच्या मालिकेत नमविले. असे त्यापूर्वी कधीच घडले नव्हते. अखेरच्या क्षणी चेंडू दोन्ही हातांत घट्ट धरून जमिनीवर पडलेले, आनंदाने हसणारे मुतोम्बो हे दृश्य आजही स्मरले जाते. पुढे अटलांटा, फिलाडेल्फिया, ह्यूस्टन आदी संघांकडून ते खेळले. २००१ आणि २००३ साली त्यांचे संघ अंतिम फेरीत पोहोचले. परंतु विजेतेपद त्यांना अखेरपर्यंत लाभले नाही. २००९ साली गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची कारकीर्द संपली. २०१५ साली बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला.

त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती मैदानाबाहेर. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात काँगो यादवीने होरपळत असताना किन्शासात त्यांच्या आईची प्रकृती बिघडली. अशांततेमुळे रस्ते बंद होते. तिला रुग्णालयात नेता आले नाही आणि उपचाराविना तिचा अंत झाला. मुलगा लक्षावधी डॉलर मिळवीत होता. पण आईच्या आवाक्यात रुग्णालय नसेल, तर त्या धनाचा तिला काय उपयोग? पैसा असूनही जे घडले, ते पैसा नसलेल्या असंख्य मातांच्या वाट्याला नित्य येत होते.

१९९७ साली त्यांनी सेवाभावी प्रतिष्ठान स्थापन केले आणि किन्शासाच्या मासिना या दाट वस्तीच्या भागात ३०० खाटांचे रुग्णालय उभारण्याचे ठरविले. निधी गोळा करणे सोपे नव्हते. श्रीमंत सहकाऱ्यांकडूनही अपेक्षेइतकी मदत आली नाही. सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरच्या खर्चापैकी दीड कोटींहून अधिक रक्कम त्यांनी स्वतःच्या कमाईतून दिली. २००७ साली रुग्णालय सुरू झाले आणि त्याला नाव दिले गेले आईचे : बिआम्बा मारी मुतोम्बो रुग्णालय. त्या परिसरात सुमारे ४० वर्षांत उभे राहिलेले ते पहिले आधुनिक रुग्णालय होते. पुढे २०२१ साली एम्बुजी-मायी शहराजवळ वडिलांच्या नावाने शाळाही सुरू झाली.

नामवंत खेळाडूंनी दानधर्म करणे नवे नाही. मुतोम्बो यांचे वेगळेपण असे, की त्यांनी देणगी देऊन पाठ फिरविली नाही. इमारत उभी राहिल्यावरही डॉक्टर, औषधे व यंत्रसामग्री यांसाठी दरवर्षी पैसा लागतो, हे जाणून ते अखेरपर्यंत निधी जमवीत राहिले. वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेला विद्यार्थी डॉक्टर झाला नाही. मात्र अनेक डॉक्टरांना काम करण्याची जागा त्याने दिली. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींनी आणि त्यांना निरोप देणाऱ्या आईवडिलांनी या जीवनाचा शांतपणे विचार करावा. ठरविलेली वाट बदलली, तरी ज्यांच्यासाठी घराबाहेर पडलो त्यांचे ऋण बदलत नाही.