न्यूर्बुर्गरिंगची शर्यत

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग हा मोटारशर्यतीचा जुना मार्ग डोंगररानातून जाई. त्याची एक फेरी सुमारे २३ किलोमीटरांची असून तीत शंभराहून अधिक वळणे होती. ४ ऑगस्ट १९५७ रोजी तेथे २२ फेऱ्यांची शर्यत झाली.

अर्जेंटिनाच्या ४६ वर्षांच्या फान्जिओने आपल्या मोटारीची टाकी निम्मीच भरली. भार कमी, म्हणून वेग अधिक. मात्र मध्ये थांबून इंधन भरणे व टायर बदलणे त्यास भाग होते. हॉथॉर्न व कॉलिन्स हे त्याचे इंग्रज प्रतिस्पर्धी न थांबता शर्यत पुरी करणार होते.

बाराव्या फेरीअखेर फान्जिओ सुमारे अर्धे मिनिट पुढे होता. परंतु टायर बदलण्यास फार वेळ लागला आणि तो जवळजवळ पाऊण मिनिट मागे पडला. तरीही तो डगमगला नाही. एकामागून एक फेरीत त्याने वेगाचा उच्चांक मोडला, एकविसाव्या फेरीत दोघांनाही गाठून मागे टाकले आणि चार सेकंदांहूनही कमी अंतराने शर्यत जिंकली. या विजयाने त्याचे पाचवे जगज्जेतेपद निश्चित झाले.

इतक्या धाडसाने आपण पूर्वी कधी मोटार हाकली नव्हती आणि पुन्हा हाकण्याची इच्छाही नाही, असे पुढे त्यानेच सांगितले.