सांबार आणि आमटी

पनवेल तालुक्यांतील कोन हें एके काळचें शेतीचें गांव. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्ग जवळून गेला आणि पुढें तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या. २०१६ सालीं म्हाडानें गिरणी कामगारांसाठीं येथील सुमारें २,४०० घरांची सोडत काढली. अशा नव्या वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांचीं बिऱ्हाडें एकाच जिन्यावर येतात, वाटीभर पदार्थाची देवघेव सुरू होते, आणि दक्षिणेकडील शेजार असल्यास पहिल्या कांहीं दिवसांतच सांबार उंबरठा ओलांडून घरांत येतें.

तें आपल्या घरांत आलें खरें, परंतु बहुधा आमटीचें सोंग घेऊन. आमटीचीच कृति करावयाची, वरून बाजारच्या पुडींतील मसाला टाकावयाचा आणि संवयीनें गुळाचा खडा सोडावयाचा, कीं झालें सांबार! हल्लीं एखाद्या घरांत सूनच तमिळ असते. तिनें मनापासून केलेल्या सांबारांतही सासूबाई नकळत गूळ घालतात. हेतु प्रेमाचाच असतो. पण त्या मुलीच्या माहेरची चव त्या खड्याबरोबर विरघळून जाते.

सांबार मूळचें आपलेंच, असें समजण्यास एक कथाही कारण झाली आहे. तंजावरचे मराठे राजे शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या मुदपाकखान्यांत आमसुलें संपलीं, म्हणून आमटींत चिंच घातली गेली. आणि त्या वेळीं पाहुणे असलेले त्यांचे चुलत बंधु संभाजी महाराज यांच्या नांवावरून पदार्थास सांबार म्हणूं लागले. कथा मोठी गोड आहे. परंतु तिला तत्कालीन कागदपत्रांचा आधार नाहीं. शिवाय देशावरील आमटींत चिंच पडतेच, आणि तमिळ घरांत चिंचेचें कुळंबू नित्याचें आहे. मग चिंचेचें एवढें नवल कशाचें? नांवाचाही उलगडा याहून साधा असूं शकेल. संस्कृतांत ‘संभार’ म्हणजे जमविलेलें साहित्य, आणि विदर्भांत आजही कोथिंबिरीस सांबार म्हणतात.

खरें तें एवढेंच, कीं व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरास मराठी राजघराणें होतें, आणि त्या काळीं तिकडे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरीं आपली निराळी मराठी बोलतात. दोन चुली इतकीं वर्षें शेजारीं पेटत राहिल्या, तर देवघेव व्हावयाचीच. कोणी कोणास काय दिलें याचा हिशेब मांडण्यापेक्षां पदार्थ नीट करावयास शिकणें अधिक चांगलें.

सहा माणसांसाठीं एक वाटी, म्हणजे सुमारें १५० ग्रॅम, तुरीची डाळ हळद घालून मऊ शिजवावी व घोटून ठेवावी. लिंबाएवढी चिंच गरम पाण्यांत भिजवून तिचा दोन पेले पातळ कोळ काढावा. चमचाभर तेलावर दोन मोठे चमचे धणे, एक मोठा चमचा हरभऱ्याची डाळ व पांच-सहा सुक्या मिरच्या मंद आंचेवर भाजाव्या. पाव लहान चमचा मेथ्या शेवटीं टाकाव्या, कारण त्या करपल्या कीं सारें सांबार कडू होतें. दोन मोठे चमचे ओलें खोबरें घालून जरा परतावें आणि सर्व मसाला बारीक वाटावा.

शेवग्याच्या दोन शेंगांचे तुकडे हळद, हिंग व मीठ घालून चिंचेच्या कोळांत उकळत ठेवावे. ते निम्मे शिजले कीं वाटीभर लाल भोपळ्याच्या आणि चार लहान वांग्यांच्या फोडी सोडाव्या. लहान कांदे आवडीप्रमाणें घालावे. वर्ज्य असतील त्या दिवशीं वगळावे. भाजी शिजून चिंचेचा कच्चा वास गेला, म्हणजे डाळ व वाटलेला मसाला मिसळून लागेल तसें पाणी घालावें आणि पांच-सात मिनिटें मंद उकळूं द्यावें. मोहरी, कढीलिंब व सुकी मिरची यांची तिळाच्या तेलांतील फोडणी शेवटीं वरून द्यावी.

या क्रमाला कारण आहे. आम्लामुळें डाळीच्या पेशींना धरून ठेवणारें पेक्टिन लवकर सुटत नाहीं. म्हणून चिंचेच्या पाण्यांत घातलेली डाळ शिजतां शिजत नाहीं आणि ती वेगळी शिजवावी लागते. त्याच गुणामुळें फोडी मात्र शिजूनही लगदा होत नाहींत.

मग गूळ सांबारांत वर्ज्यच काय? तसें नाहीं. उडुपीकडील सांबारांत गूळ पडतो आणि तेथें तो शोभतोही. तमिळ घरांत बहुधा घालीत नाहींत, घातलाच तर नखाएवढा. सांबार असें गांवोगांवीं निराळें आहे. म्हणून जिच्याकडून तें शिकावयाचें, तिच्याच हाताप्रमाणें निदान पहिले चार वेळां करावें. फेरफार करावयास पुढें जन्म आहे. आणि शिकविणारी घरचीच सून असेल, तर त्या दिवशीं ओटा तिच्या स्वाधीन करावा, ती सांगेल तसें आपण चिरून-वाटून द्यावें, आणि गुळाचा डबा फडताळांतच राहूं द्यावा.