पन्नास किलोडाल्टनचा पट्टा

सकाळी ९.३० – पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये आज ब्लॉटचा दिवस, म्हणजे दुसरं काही होणार नाही. हेला पेशींचे लायसेट वजा वीसमधून काढले. अर्ध्या पेशींना चोवीस तास कोल्चिसिन दिलं होतं, अर्ध्यांना नाही. पंच्याण्णव अंशांवर पाच मिनिटं उकळून घेतले.

१०.१५ – १० टक्क्यांची जेल, प्रत्येक वेलमध्ये २० मायक्रोग्रॅम प्रथिन. निळा रंग तळाशी पोचेपर्यंत दोनेक तास. मागच्या नोंदी पुऱ्या केल्या, चहा झाला.

१२.३० – ट्रान्सफर. मेम्ब्रेन मिथेनॉलमध्ये भिजवलं, जेलवर ठेवलं, काचेची कांडी फिरवून बुडबुडे काढले. बुडबुडा राहिला तिथे पट्ट्यात पांढरं भोक पडतं. यंत्र चालू करून डबा खाल्ला.

२.३० – पॉन्सो. मेम्ब्रेन गुलाबी झालं, सगळ्या लेन सारख्या भरलेल्या दिसल्या. फोटो काढला. मग दूध पावडरीच्या ५ टक्के द्रावणात तासभर ब्लॉकिंग.

३.४५ – प्रायमरी अँटिबॉडी. अल्फा-ट्यूब्युलिनविरुद्धची, उंदराची मोनोक्लोनल, क्लोन डीएमवनए. कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूतले मायक्रोट्यूब्यूल टोचून केलेली. १९८४मध्ये तिच्यावरचा पेपर आला. तंत्र त्याआधीचं, कोलर आणि मिलस्टाइन यांचं, १९७५चं: अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि मायलोमाची पेशी यांचा संकर. त्यातून निवडलेल्या एका पेशीच्या वंशातून एकाच जातीची अँटिबॉडी मिळत राहते. १० मिलीलिटर द्रावणात २ मायक्रोलिटर, म्हणजे एकास पाच हजार. तासभर शेकरवर.

ज्युनिअरने विचारलं, "ताई, ट्यूब्युलिनसाठी पॉन्सोचा फोटो कशाला? लोडिंग कंट्रोल तर तोच आहे, येतोच की."

येतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. कोल्चिसिनने मायक्रोट्यूब्यूल मोडले की सुटं ट्यूब्युलिन वाढतं, आणि ते वाढल्याचं कळताच पेशी ट्यूब्युलिनचा आरएनए तोडायला घेते. मग नवं ट्यूब्युलिन कमी बनतं. ज्याच्यावर औषधाचा थेट मारा आहे त्यालाच मोजपट्टी करायची, हे मला पटत नाही.

ज्युनिअरचे स्वतःचे नमुने उंदराच्या प्लीहेचे. तिथे वेगळीच पंचाईत. प्लीहेत उंदराच्या अँटिबॉडी भरपूर, त्यांची जड साखळी ५० किलोडाल्टनची आणि ट्यूब्युलिनही तिथेच. सेकंडरी अँटिबॉडी तर उंदराची प्रत्येक अँटिबॉडी पकडते. तिला म्हटलं, "आधी प्रायमरी न घालता एक ब्लॉट कर. तरीही पट्टा आला, तर तो ट्यूब्युलिनचा नाही."

४.४५ – दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश. मग एचआरपी जोडलेली सेकंडरी. हिच्या बफरमध्ये अझाइड चालत नाही. ते एचआरपी बंद पाडतं आणि माणूस रिकाम्या ब्लॉटकडे बघत बसतो.

६.४५ – ईसीएल. तीस सेकंदांच्या एक्स्पोजरला सगळे पट्टे सारखेच काळेकुट्ट. हाच फोटो पेपरात घातला असता तर कंट्रोल 'उत्तम' दिसला असता. पाच सेकंदांना कोल्चिसिनच्या लेन स्पष्ट फिकट. पॉन्सोमध्ये मात्र त्या इतरांइतक्याच भरलेल्या.

७.१५ – दोन्ही फोटो वहीत चिकटवले. मायक्रोट्यूब्यूलवरच्या औषधांचं काम करणाऱ्यांनी भागिले ट्यूब्युलिन करण्याआधी पॉन्सो तपासावा, आणि फोटो कमी एक्स्पोजरचा द्यावा.