दोन शॉट शेजारी ठेवले की

सिनेमाचा संकलक कामाला बसतो तेव्हा त्याच्यासमोर गोष्ट असते, संवाद असतात आणि पार्श्वसंगीत बहुतेक वेळा यायचं असतं. म्युझिक व्हिडिओत क्रम नेमका उलटा. तिथे गाणं आधीच तयार असतं. त्याची लांबी ठरलेली, लय ठरलेली, कडवं कुठे संपतं आणि ध्रुवपद कुठे परत येतं तेही ठरलेलं. संकलकाला त्यातला एक सेकंदही इकडेतिकडे करता येत नाही. पण या बंधनातूनच त्याला मोठी मोकळीक मिळते. आवाज अखंड असल्यामुळे चित्राचे कितीही तुकडे झाले तरी बघणारा हरवत नाही. गायिका एका ओळीला समुद्रावर असते, दुसऱ्या ओळीला स्वयंपाकघरात आणि तिसऱ्या ओळीला तिच्या जागी आठ वर्षांची मुलगी उभी असते. ती तिथे कशी पोचली, असा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. संवादांच्या प्रसंगात असं केलं, तर दोन मिनिटांत आपण गोंधळून जाऊ.

ही मोकळीक कशी वापरली जाते, हे समजायला आधी कामाची पद्धत बघू. शूटिंगच्या वेळी गाणं स्पीकरवर वाजत असतं आणि गायक त्यावर ओठ हलवतो. तेच गाणं पुन्हा पुन्हा चित्रित होतं: लांबून, कमरेपासून वर, अगदी चेहऱ्याजवळून, कधी चालताना, कधी बसून. शिवाय ज्यात कोणी गात नाही असे शॉट वेगळे घेतात. हात, खिडकी, रस्ता, वाद्यं, कथेतली पात्रं. संकलक हे सगळे टेक टाइमलाइनवर एकावर एक रचतो आणि गाण्याशी तंतोतंत जुळवून घेतो. म्हणजे गाण्याच्या कुठल्याही क्षणी बोट ठेवलं, तर त्या क्षणाची पाच-सात रूपं त्याच्या हाताशी असतात. त्यातलं कुठलं दाखवायचं, कधी सोडायचं आणि त्याच्या शेजारी काय ठेवायचं, एवढंच काम. सगळा अर्थ या निवडीत असतो.

पहिला प्रश्न येतो तो ठोक्याचा. समजा गाण्याचा वेग मिनिटाला १०० बीट आहे आणि व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा आहे. मग एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत बरोबर १५ फ्रेम मिळतात. दर पंधराव्या फ्रेमवर कट मारला, तर प्रत्येक शॉट ठोक्यावर बदलेल आणि व्हिडिओ तालात दिसेल. नवखे संकलक सुरुवातीला असंच करतात. पंधरा-वीस सेकंद मजा येते. नंतर डोळ्याला पुढचा कट कधी येणार ते कळायला लागतं आणि बघण्यातली उत्सुकता जाते. जाणकार संकलक ठोका ओळखून असतो, पण प्रत्येक ठोक्याला हजेरी लावत नाही. चांगला गायक जसा आवर्तनभर लयीशी खेळतो आणि मोक्याच्या जागी समेवर येतो, तसं हे आहे. मधले कट तो शब्दाच्या शेवटी घेतो, गायकाने श्वास घेतला तिथे घेतो, नजर वळली तिथे घेतो. मग ध्रुवपद उसळतं तेव्हा एक कट नेमका ठोक्यावर पडतो आणि त्याचा जोर जाणवतो. आधीचे कट सैल ठेवले म्हणून तो जोर आला.

दुसरा प्रश्न शेजाराचा. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. इव्हान मोझझुखिन या नटाचा निर्विकार चेहरा त्याने सूपची वाटी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या शॉटना आळीपाळीने जोडला. चेहरा प्रत्येक वेळी तोच होता, तरी प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली. याच कुलेशॉव्हने आणखी एक गोष्ट दाखवून दिली: वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेले शॉट सलग जोडले, तर बघणारा त्यांतून मनातल्या मनात एकच प्रदेश उभा करतो.

या दुसऱ्या गोष्टीचं आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण म्हणजे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’. १५ ऑगस्ट १९८८ रोजी ते दूरदर्शनवर पहिल्यांदा दिसलं. कल्पना सुरेश मलिक यांची, दिग्दर्शन कैलाश सुरेंद्रनाथ यांचं, चाल आपल्या अशोक पत्कींची, संगीत-संयोजन लुई बँक्स यांचं. तेव्हा आपल्याकडे म्युझिक व्हिडिओ हा शब्द रुळला नव्हता, पण ते सर्वार्थाने म्युझिक व्हिडिओच आहे आणि त्याचा सगळा आशय संकलनावर उभा आहे. सुरुवातीला पंडित भीमसेन जोशी धबधब्यापाशी गाताना दिसतात. तो धबधबा तमिळनाडूतल्या कोडाईकनालचा. गदगचा जन्म, पुण्यात घर, ओठांवर हिंदी शब्द आणि पाठीमागे कोडाईकनालचं पाणी! बघताना यातलं काहीच खटकत नाही, कारण भैरवीचे सूर या सगळ्याला धरून ठेवतात.

पुढे दल सरोवर, तमिळ समुद्रकिनाऱ्यावर बालमुरलीकृष्ण, कोलकात्याची मेट्रो, केरळचा हत्ती. भाषा बदलते, वाद्यं बदलतात, वेश आणि हवामान बदलतं. पण चाल पुढे जात राहते. कट बहुतेक ओळ संपते तिथे येतो. एकाने सोडलेली ओळ दुसऱ्याने उचलली, असंच आपल्याला वाटतं. ही माणसं एकमेकांना चित्रीकरणाच्या वेळी भेटलीसुद्धा नसतील. तरी पडद्यावर ती एकमेकांचं ऐकून गात आहेत असा भास होतो. ‘आपण सगळे एक’ असं सांगणारा एखादा निवेदक या व्हिडिओत घातला असता, तर त्याचा असर निम्मा झाला असता. इथे ते वाक्य कोणी उच्चारत नाही. सूर तुटत नाही आणि चित्र बदलतं, एवढ्यावरून ते आपलं आपल्याला कळतं. संकलनाने राजकीय आशय इतक्या साधेपणाने मांडल्याचं दुसरं भारतीय उदाहरण मला सुचत नाही.

शेजार माणसामाणसांचा असतो, तसा काळाचाही असतो. त्यासाठी अमेरिकन गायक जॉनी कॅशच्या ‘हर्ट’ या व्हिडिओपाशी थांबायला हवं. मूळ गाणं ‘नाइन इंच नेल्स’चं, १९९४ सालचं. ते ट्रेंट रेझनरने तिशीच्या आत लिहिलं होतं. कॅशने ते सत्तरीत गायलं आणि २००३ साली मार्क रोमानेकने त्याचा व्हिडिओ केला. चित्रीकरण टेनेसीतल्या हेंडरसनव्हिल इथलं: कॅशचं घर आणि ‘हाउस ऑफ कॅश’ हे त्याचंच संग्रहालय. संग्रहालय तेव्हा बंद होतं, पुराने खराब झालेलं होतं. ते झाकून ठेवण्याऐवजी रोमानेकने ते आहे तसं दाखवलं.

वर्तमानातल्या शॉटमध्ये फारसं काही घडत नाही. एक थकलेला म्हातारा काळ्या कपड्यांत बसून गिटार वाजवतो. समोर मेजवानीचं टेबल आहे. थरथरत्या हाताने तो पेल्यातली वाइन त्या अन्नावर ओततो. एवढंच सलग बघितलं असतं तर ते एका आजारी कलावंताचं व्यक्तिचित्र झालं असतं, चांगलं पण साधं. संकलक रॉबर्ट डफी यांनी त्यात कॅशचं जुनं फुटेज मिसळलं: आगगाडीत बसलेला तरुण कॅश, तुरुंगातल्या कैद्यांसमोर गाणारा कॅश, गर्दीतला कॅश. तरुण माणूस हलतो, चालतो, प्रवास करतो. म्हातारा जागचा हलत नाही. दोन्ही चेहरे एकाच माणसाचे आहेत आणि त्यांना जोडणारा आवाज म्हाताऱ्याचा आहे. म्हणून ते जुने शॉट नुसती माहिती म्हणून येत नाहीत, तर म्हातारा मनात जे बघतोय ते आपल्याला दिसतंय असं वाटतं. ‘आठवण’ सुचवायला इथे धूसर पडदा किंवा निवेदन लागलं नाही. गाणाऱ्या चेहऱ्याला जोडून जुना शॉट आला की आपण तो त्याच्या मनातला मानतो.

मग जून कार्टर येते. ती कॅशची पत्नी आणि स्वतः गायिका. चित्रीकरण चालू असताना ती जिन्यावर उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. रोमानेकला त्या नजरेत प्रेम, अभिमान आणि दुःख एकाच वेळी दिसलं आणि त्याने तिची परवानगी घेऊन तो शॉट घेतला. व्हिडिओत तिच्या वाट्याला अगदी थोडे सेकंद आले आहेत, पण ते जागेवर आले आहेत. आधी गाणारा कॅश, मग त्याच्याकडे बघणारी जून, मग पुन्हा कॅश. तिसऱ्या शॉटमधला कॅश आपल्याला पहिल्यासारखा दिसत नाही. आता आपण त्याला तिच्या डोळ्यांनी बघत असतो. कुलेशॉव्हच्या प्रयोगात चेहऱ्याला शेजारच्या वस्तूने अर्थ दिला होता, इथे चेहऱ्याला दुसऱ्या चेहऱ्याने दिला.

शेवटच्या भागात पियानोचे सूर घणासारखे आदळू लागतात आणि कट भराभर येतात. तुरुंगातले कार्यक्रम, गर्दी आणि कॅशच्याच ‘द गॉस्पेल रोड’ या १९७३ च्या चित्रपटातले येशूला क्रुसावर खिळतानाचे शॉट. एकेक शॉट इतका थोडा वेळ टिकतो की नीट बघून होत नाही. माणसाचं अख्खं आयुष्य हातातून निसटतंय, ही भावना त्या घाईतून येते. आधीची तीन मिनिटं संथ ठेवली नसती, तर ही घाई नुसता गोंगाट झाली असती. आणि मग एकाएकी सगळं थांबतं. कॅश पियानोचं झाकण बंद करतो आणि त्यावरून हात फिरवतो. १५ मे २००३ रोजी जून गेली, १२ सप्टेंबरला कॅश गेला. व्हिडिओ पाहिल्यावर हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं रेझनरने पुढे बोलून दाखवलं. शब्द त्याचेच होते. बदलली होती ती त्या शब्दांशेजारची चित्रं.

कट न मारणं हाही संकलकाचाच निर्णय असतो, हे विसरायला नको. शिनेड ओ’कॉनरच्या ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ (१९९०) या व्हिडिओत पॅरिसच्या सँ-क्लू बागेत ती चालतानाचे शॉट आहेत, पण दिग्दर्शक जॉन मेबरीने बहुतांश वेळ तिच्या चेहऱ्यालाच दिला. काळी पार्श्वभूमी, भादरलेलं डोकं आणि थेट आपल्याकडे बघणारे डोळे. गाणं बरंच पुढे गेल्यावर तिच्या गालांवर अश्रू ओघळतात. ते खरे होते, आईची आठवण आली होती, असं तिने नंतर सांगितलं. त्या आधी चेहऱ्यावरून वारंवार दुसरीकडे कट मारले असते, तर ते अश्रू कुणीतरी ‘घातलेले’ वाटले असते. आपण इतका वेळ तिच्यासमोर बसलेलो असतो, म्हणून त्यांवर विश्वास बसतो. हल्लीच्या अनेक गाण्यांत कुठलाही चेहरा दोन सेकंदांहून जास्त टिकत नाही. गायकाने जीव ओतला असला तरी तो आपल्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काळाची दिशा आणि वेगही संकलकाच्या हातात असतात. कोल्डप्लेच्या ‘द सायंटिस्ट’मध्ये (२००२, दिग्दर्शक जेमी थ्रेव्ह्ज) सगळं चित्र उलटं चालतं, पण ख्रिस मार्टिनचे ओठ मात्र गाण्याबरोबर बरोबर हलतात. त्यासाठी त्याला अख्खं गाणं उलटं म्हणायला शिकावं लागलं. चित्रीकरण करताना तो उलटं गायला आणि फिल्म उलटी फिरवल्यावर ते सुलट झालं. पण करामतीपेक्षा तिचं कारण महत्त्वाचं आहे. उलटं जाता जाता आपण मोटार अपघातापाशी पोचतो, आणि फेकली गेलेली सोबतीण हवेतून परत गाडीत येऊन बसते. झालेली गोष्ट मागे फिरवावी, ही गाण्यातल्या माणसाची तडफड फिल्मच्या दिशेतूनच कळते.

आपल्याकडच्या गाण्यांत अनेकदा दिसणारी एक युक्तीही इथे सांगायला हवी. नायकाचे केस, ओढणी, पावसाचे थेंब सगळं संथ हलत असतं, आणि तरी ओठ गाण्याशी जुळलेले असतात. हे कसं होतं? सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, नायक त्या वेगाने ओठ हलवतो आणि कॅमेरा सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम टिपतो. तो शॉट २५ फ्रेमने चालवला की ओठ मूळ गाण्याच्या वेगावर येतात आणि बाकी जग निम्म्या वेगाने चालतं. गाणाऱ्या माणसाचा काळ आणि भोवतालचा काळ वेगळा झाला की तो प्रेमात आहे, स्वप्नात आहे, असं आपण आपोआप समजतो.

आता हे तुम्हीही करून बघा. आवडीचं एखादं गाणं आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून ऐका आणि शेवटी दोन्ही एकत्र घ्या. आवाज नसताना जे शॉट विस्कळीत वाटले, ते गाण्याबरोबर कशामुळे जुळले याकडे लक्ष द्या. कट ठोक्यावर आला की शब्दावर, कुणाचा चेहरा सर्वांत जास्त वेळ दिसला, कोणत्या दोन चित्रांना शेजारी बसवलं होतं, ते टिपून ठेवा. आणि गाण्याच्या माहितीत गायक, संगीतकार, गीतकार, दिग्दर्शक यांच्या बरंच खाली संकलकाचं नाव असतं, ते शोधून वाचा. तुम्हाला भावलेल्या गाण्यावर तुम्ही कुठे चार ओळी लिहिल्या, तर त्यात ते नाव आवर्जून घ्या.