घशातला मुखवटा

अख्खी कथा गाण्यांतून सांगायची आणि गायचं मात्र अशा आवाजात, की शब्द हाती लागू नये! हा उफराटा उद्योग १९९० साली जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गच्या ‘अॅट्रोसिटी’ या डेथ मेटल बँडने केला. ‘हॅल्युसिनेशन्स’ हा त्यांचा पहिलाच अल्बम, आणि सगळा एकाच विषयावर: नशेच्या आहारी गेलेला माणूस. मुखपृष्ठावरचं चित्र ‘एलियन’ सिनेमातलं भयंकर जनावर घडवणाऱ्या एच. आर. गीगरचं.

हा आवाज निघतो कसा? आपण बोलतो ते स्वरतंतूंच्या कंपनाने. त्यांच्याच वर आणखी एक जोडी असते, ‘खोटे स्वरतंतू’ म्हणतात तिला. रोजच्या बोलण्यात ती जवळजवळ गप्प असते. डेथ मेटलचा गायक श्वास तोलून तिलाच थरथरवतो. ऐकताना वाटतं, याचा घसा आता फाटणार. कसलेला गायक मात्र तासभर आरामात गुरगुरतो. सायबेरियातल्या तुवा प्रांतातले गायक कार्गिरा नावाच्या प्रकारात हीच जोडी वापरतात आणि मूळ सुराच्या एक सप्तक खालचा सूर ऐकू येतो. म्हणजे हे यंत्र तुमच्या-माझ्या गळ्यातही आहे, नुसतं पडून.

पण शब्दच कळत नसतील तर कथा कळणार कशी? मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या उत्तरेला, शहापूर ओलांडून जव्हार-मोखाड्याकडे गेलं की याचं उत्तर मिळतं. तिथे बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात रात्रभर सोंगं नाचतात. चेहरा मुखवट्याआड गेलेला, लांबलचक संवाद नाहीत. तरी गणपती आला, नरसिंह आला, रावण आला हे पोरासोरांनाही कळतं. मुखवटा दिसला, संबळ वाजला, पावलं पडली, की झालं. गुरगुरणं हा मला तसाच घशावर चढवलेला मुखवटा वाटतो. त्याच्याआड गाणाऱ्याचं वय, गाव, स्वभाव सगळं झाकलं जातं.

जर्मन बँडची कथा नवी, त्यामुळे ऐकणाऱ्याला गाण्यांचे शब्द समोर धरून बसावं लागतं. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ला ती अडचण नव्हती. साहिल मखिजाने २००० साली सुरू केलेल्या या बँडचा ‘दशावतार’ मार्च २०१७ मध्ये आला. दहा गाणी, दहा अवतार, मत्स्यापासून ओळीने. गाणी इंग्रजीत, गिटारी खर्जात उतरवलेल्या, ढोल इतके वेगात की ठोका मोजता येऊ नये. तरी मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही आजीला नुसता क्रम सांगा, चौथ्या गाण्यात खांब फुटणार हे ती न ऐकताच सांगेल. नवव्या गाण्यात बुद्ध आहे. करुणेच्या पुतळ्याला या गदारोळात बसवणं हे मला अल्बममधलं सगळ्यात धाडसी काम वाटतं.

दहावं गाणं कल्कीचं. तिथे मात्र आजीही अडेल, कारण तो अजून यायचाय.