हनोईचं पत्र : बाक निन्हला कारखाने का आले

हनोईहून ईशान्येला तासाभराच्या आत बाक निन्ह लागतं. भाताची खाचरं संपतात न संपतात तोच औद्योगिक वसाहतींच्या भिंती सुरू होतात. संध्याकाळी पाळी सुटली की गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या, विशीतल्या मुलींनी कंपनीच्या बसगाड्या भरून जातात. गावातल्या हॉटेलांवर कोरियन भाषेतल्या पाट्या आहेत. सॅमसंगनं इथं २००९ मध्ये फोन बनवायला सुरुवात केली, मग थाय न्गुएनमध्ये दुसरा कारखाना काढला. आज या कंपनीचे जगभरातले निम्म्याच्या आसपास फोन व्हिएतनाममध्ये तयार होतात.

स्वस्त मजुरीमुळे हे झालं, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. मजुरी बांगलादेशातही स्वस्त आहे. इथं कंपन्यांना मिळाली ती खात्री. जमीन कायद्यानं साऱ्या जनतेची, कारभार सरकारचा. कंपनीला साधारण ५० वर्षांचा वापरहक्क मिळतो, तोही रस्ता, पाणी, सांडपाणी यांची सोय झालेल्या भूखंडावर. मोठ्या प्रकल्पांना पहिली ४ वर्षं कर माफ, पुढची ९ वर्षं निम्मा. शिवाय २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचं सदस्यत्व आणि २०२० पासून युरोपीय संघाशी करार, त्यामुळे माल कुठं जाणार याचीही चिंता मिटली.

एमआयडीसीचा भाडेपट्टा माहीत असलेल्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पण इथल्या शेतकऱ्याला ‘जमीन देत नाही’ म्हणायला फारशी जागा नाही. २०१२ मध्ये शेजारच्या हुंग येन प्रांतात नव्या उपनगरासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा शेतकऱ्यांना पोलिसांच्या फौजेनं हटवलं. गुंतवणूकदाराला जी खात्री वाटते, तिची किंमत अशी कुणीतरी मोजलेली असते, आणि ती गुंतवणुकीच्या आकड्यांत कुठंच दिसत नाही.

ती खात्री एकदा डळमळलीही. २०२३ च्या उन्हाळ्यात उत्तरेतली धरणं आटली, जलविद्युत कोलमडली आणि बाक निन्ह, बाक झांगच्या वसाहतींत वीज जाऊ लागली. सरकारनं धसका घेतला. मध्य व्हिएतनाममधून उत्तरेकडे वीज आणणारी पाचशे किलोमीटरहून लांब वाहिनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरूही झाली. इतक्या वेगाचं कौतुक केलंच पाहिजे.

मला सलतं ते वेगळंच. देशाची ७० टक्क्यांच्या आसपास निर्यात परकीय कंपन्या करतात, पण फोनमधले महागडे भाग बव्हंशी बाहेरून येतात. स्थानिक कारखानदाराच्या वाट्याला खोकी आणि प्लॅस्टिकचे सुटे भाग. त्याला बँक तारण मागते, आणि वसाहतीतला भूखंड त्याच्या ऐपतीबाहेरचा. परक्यासाठी सगळी दारं उघडी आणि घरचा माणूस ओट्यावर, हे बरं नाही.

मे २०२५ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्यूरोनं ठराव क्रमांक ६८ काढून खासगी उद्योगाला अर्थव्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची शक्ती म्हटलं, छोट्या कारखान्यांना जमीन आणि कर्ज देण्याची भाषा केली. बाक निन्हमधल्या साचे बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याला वसाहतीत परवडणारा गाळा मिळतो का, हे मी आता बघणार आहे.