अख्खं वर्धा एका मैदानात

२०११च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या भरली १,०६,४४४. पाळण्यातल्या लेकरापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत सगळी माणसं त्यात आली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची अधिकृत आसनसंख्या आहे १,०७,६०१. म्हणजे घराघराला कुलूप लावून अख्खं वर्धा तिथे नेऊन बसवलं, तरी ११५७ जागा रिकाम्या उरतात.

आणि हे मैदान देशाच्या संघाचं नाही की लिलावात खेळाडू विकत घेणाऱ्या मालकांचं नाही. ते कॉलेजचं आहे. खेळणारे अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे विद्यार्थी. आपल्या नागपूरच्या जामठ्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी जेवढी माणसं मावतात, त्याच्या दुपटीहून जास्त लोक तिथे पोरांचा खेळ बघायला येतात. खेळही आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. चेंडू लांबट, बहुतेक वेळ हातात, आणि अंगावर अंग आदळणारा.

एक लाख हा आकडा आपण सभांच्या बातम्यांमध्ये इतक्या वेळा वाचतो की त्याचं वजनच जाणवेनासं झालंय. म्हणून हिशेब मांडून बघू. समजा मैदानाला एकच दार आहे आणि दर सेकंदाला एक माणूस न थांबता आत जातोय. शेवटचा माणूस आत पोचायला जवळजवळ तीस तास लागतील. शनिवारी सकाळी सहाला दार उघडलं, तर रविवारी दुपारी बारा वाजायला आले तरी लोक येतच असतील. हीच माणसं एसटीनं न्यायची म्हटली आणि एका गाडीत ४४ जण धरले, तर २,४४६ गाड्या लागतात. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव आणि तळेगाव ही पाचही आगारं रिकामी केली तरी भागणार नाही; सगळ्या महाराष्ट्रातल्या एसटीच्या ताफ्यातली साधारण दर सहावी गाडी मागवावी लागेल. सामन्याआधी प्रत्येकाला एक प्लेट तर्री पोहे द्यायचे ठरवले, तर माणशी पन्नास ग्रॅम कोरडे पोहे धरून ५४ क्विंटल पोहे भिजवावे लागतील. तर्रीचा हरभरा वेगळा.

हे सगळं वर्षातून एकदा नाही. हंगामात घरच्या मैदानावर सहा-सात सामने होतात. नोव्हेंबर १९७५ पासून मिशिगनच्या या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला एक लाखावर माणूस आला आहे. त्यात खंड पडला तो फक्त २०२०च्या कोरोनाच्या हंगामात. असे सामने तीनशेच्या वर झाले. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख ७७४. मैदान बारा वेळा भरलं की देवळी, सेलू, कारंजा, आष्टी, समुद्रपूर धरून आठही तालुके जवळजवळ संपतात. तिथे ते दोन हंगामांतच होतं.

मैदान बांधलं १९२७ साली. फील्डिंग योस्ट नावाचा माणूस त्यामागे होता. तेव्हा ७२ हजारांची सोय पुरे वाटत होती, पण योस्टनं पाया असा घालून घेतला की पुढे लाखाच्या वर माणसं बसवता यावीत. मैदानाचा बहुतेक भाग जमिनीत खोदलेला आहे. त्यामुळे बाहेरून ते मोठं वाटतच नाही. दारातून आत गेलं की पायाखाली पायऱ्यांची खोल दरी उघडते. १९५६ मध्ये क्षमता एक लाखाच्या पुढे गेली, आणि तेव्हापासून तिथल्या अधिकृत आकड्याच्या शेवटी नेहमी १ असतो. ती एक जादा जागा फ्रिट्झ क्रिस्लर यांच्या मानाची. ते आधी संघाचे प्रशिक्षक होते, पुढे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख झाले. ती जागा नेमकी कोणती, हे कुणालाच सांगितलेलं नाही. लाखभर माणसांच्या हिशेबात एका माणसाची आठवण अशी जपून ठेवणं मला फार आवडलं.

या मैदानावरची विक्रमी गर्दी ७ सप्टेंबर २०१३ची: १,१५,१०९. समोर नोत्र दाम विद्यापीठ होतं. पण मिशिगनचा खरा हाडवैरी शेजारच्या ओहायो राज्यातला, ओहायो स्टेट. दोघांची पहिली गाठ १८९७ साली पडली, आणि १९१८ पासून २०२०चा अपवाद सोडला तर दरवर्षी पडते. त्या लढतीला लोक नुसतं ‘द गेम’ म्हणतात. या वैराच्या मुळाशी सीमावाद आहे, आणि सीमावाद काय असतो हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १८३५ मध्ये टोलेडो गावाजवळच्या साधारण बाराशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यासाठी ओहायो आणि मिशिगन हत्यारं घेऊन समोरासमोर उभे राहिले होते. बाराशे चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या जिल्ह्यातले सरासरी दीड तालुके. पट्टा शेवटी ओहायोला गेला. आज सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे मिशिगनचं आद्याक्षर ‘एम’ येतं, तिथे तिथे पोरं लाल पट्टी चिकटवून फुली मारतात. इमारतीचं नाव असो की रस्त्याचं, सूट कुणालाच नाही.

ही माणसं किती वेडी असू शकतात हे २५ नोव्हेंबर १९५० रोजी दिसलं. सामना ओहायोच्या कोलंबस शहरात होता आणि हिमवादळ आलं. तापमान शून्याखाली १२ अंश. मे महिन्यात ४७ अंश सोसणाऱ्या आपल्याला त्या गारठ्याचा अंदाज यायचा नाही. मैदानावरच्या रेषा बर्फाखाली गेल्या. झाडूनं बर्फ बाजूला करत चेंडू कुठे आहे ते ठरवायचं. हात इतके बधिर की चेंडू धरून ठेवण्यापेक्षा लाथेनं लांब उडवून मोकळं होणं बरं. दोन्ही संघांनी मिळून ४५ वेळा तेच केलं. मिशिगन ९-३ असं जिंकलं. आणि हे बघायला त्या बर्फात बसले होते ५०,५०३ लोक. परत फिरायला प्रत्येकाकडे सबळ कारण होतं, तरी ते बसून राहिले. सगळ्या आकड्यांत मला हा सगळ्यात मोठा वाटतो.

गर्दीचा आवाज जमीन हलवतो हेही नोंदलं गेलं आहे. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी लुइझियाना राज्यात तिथल्या एलएसयू विद्यापीठाचा ऑबर्नशी सामना होता. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा एलएसयूनं निर्णायक गुण मिळवला, ७-६ असा सामना घेतला, आणि जवळपास ८० हजार माणसं एकदम उसळली. विद्यापीठाच्याच भूकंपमापकावर त्या क्षणाची रेघ उमटली. नेब्रास्का राज्यात तर लिंकनचं मैदान १९६२ पासून, २०२०चा हंगाम सोडला तर, प्रत्येक सामन्याला भरत आलं आहे. सामन्याच्या दिवशी ते मैदान लोकसंख्येनं राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं ‘शहर’ ठरतं. त्याच मैदानात ३० ऑगस्ट २०२३ रोजी कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना ठेवला. आले ९२,००३. व्हॉलीबॉलला, आणि मुलींच्या. आपल्याकडे गावोगावी शाळेच्या पटांगणात जाळी बांधून खेळणाऱ्या मुलींनी हा आकडा जरूर वाचावा.

या सगळ्या झगमगाटात एक गोष्ट मला सलते. लाख-लाख माणसं तिकीट काढून आली, वाहिन्यांनी अब्जावधी डॉलर मोजले, प्रशिक्षकांना कोट्यवधींचे पगार मिळाले. पण ज्या पोरांच्या अंगावर हा खेळ उभा, त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर पैसा कमवायला २०२१ पर्यंत बंदी होती. गुडघा गेला की सगळं संपलं. एवढी गर्दी जमवणाऱ्या समाजाला हे दिसायला शंभर वर्षं लागावीत, हे बरोबर नाही.

आपल्या देशात असं काही घडतच नाही, असं मात्र नाही. १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल फेडरेशन कपच्या उपांत्य फेरीत भिडले. प्रेक्षक १,३१,७८१. बायचुंग भुतियानं तीन गोल केले, ईस्ट बंगाल ४-१ जिंकलं. याच दोन संघांच्या सामन्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक गेले. गर्दीचे आकडे सांगताना तोही आकडा सांगितलाच पाहिजे.

आणि महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथे कॉलेजची जागा तालमीनं घेतली. ज्या तालमी कुस्तीसाठी उभ्या राहिल्या, त्यांनीच फुटबॉलचे संघ उतरवले: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, आणि सोबत शिवाजी तरुण मंडळ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासूनची. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना शाहू स्टेडियमवर लागला की दुपारपासून पेठा ओस पडू लागतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, आणि निकालावर गल्लीतलं बोलणं-चालणं ठरतं. अलीकडे बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू या संघांतून खेळले, तरी जर्सी पेठेचीच. विश्वचषक आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक चौकाचौकात समोरासमोर उभे राहतात. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. गर्दी आधी, खेळाडू मागून, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपलं खेळणं बघायला पेठ येते हे ज्या पोराला ठाऊक असतं, ते जास्त पळतं.

अ‍ॅन आर्बर हे काही महानगर नाही. २०२०च्या मोजणीत तिथे १,२३,८५१ माणसं होती. वर्ध्याच्याच आसपासचं गाव. सामन्याच्या दिवशी तिथे गोल्फच्या हिरवळीवर गाड्या उभ्या करतात, कारण दुसरीकडे जागाच नसते. तिथे बसणाऱ्यांत आजोबा शिकले त्याच कॉलेजात शिकणारी नातवंडं असतात. जिंकण्या-हरण्याच्या पलीकडे ‘हे आपलं’ असं वाटणं पिढ्यान् पिढ्या मुरलंय, म्हणून मैदान भरतं. माणसं आपल्याकडेही जमतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्याच्या स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर भरलं, तेव्हा पुस्तकांसाठी लोटलेली माणसं आपण पाहिली. खेड्यात मंडळाची रात्रीची कबड्डी लागली की लोक झाडावर चढून बघतात. देवळीकडच्या कुस्तीच्या फडाला कधी प्रेक्षक कमी पडले नाहीत.

कॉलेजच्या वाट्याला मात्र यातलं काही येत नाही. शिक्षा मंडळाचं जी. एस. कॉमर्स कॉलेज वर्ध्यात १९४० पासून आहे. जिल्ह्यात असं घर विरळा, ज्यातलं कुणी ना कुणी वर्ध्या-हिंगणघाटच्या, आर्वी-पुलगावच्या कॉलेजात शिकलेलं नाही. तरी नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला बाकावरचे राखीव खेळाडू, फिजिकलचे सर आणि दोन-चार मित्र, एवढेच प्रेक्षक. पोट्टे जिंकून येतात, पेपरात चार ओळी येतात, बस्स. लाखाचं मैदान आपल्याला नको. दोनशे माणसं पुरेत, त्यातली अर्धी त्याच कॉलेजातून पूर्वी शिकून गेलेली असली तर फारच उत्तम.

तेव्हा येत्या हंगामात आपल्या जुन्या कॉलेजात फोन करा, सामना कधी आणि कुठे आहे ते विचारा, आणि घरातल्या पोरांना घेऊन जा. तिकीट नसतं.